मॅडिसनला शिकायला येणाऱ्या नाशिककर मुलांनी कोणते कपडे आणावेत?

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी जुलै-ऑगस्टमध्ये खरेदीची जी धांदल उडते, तीत कपड्यांवरचा बराचसा पैसा नको तिथे खर्च होतो, असे माझे मॅडिसन शहरातील विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकताना झालेले ठाम मत आहे. कॉलेज रोडवरून नामांकित ब्रँडचे शर्ट आणि तिबेटी मार्केटमधून जाड स्वेटर घेऊन पालक निश्चिंत होतात. परंतु मॅडिसनच्या कॅम्पसवर या दोन्हींचा उपयोग फार थोडा होतो.

इथला मुलगा वर्गात येतो तो बहुधा हुडी, जीन्स किंवा ट्रॅक पँट आणि स्नीकर्स घालून. परीक्षेच्या दिवशीही त्यात फरक पडत नाही. आपल्याकडच्या शिस्तीत वाढलेल्या मुलाला हा बेफिकीरपणा वाटतो, पण या पोशाखामागे इतिहास आहे. हुडी १९३०च्या दशकात चॅम्पियन या खेळाचे कपडे बनवणाऱ्या कंपनीने लोकप्रिय केली, ती थंडीत राबणाऱ्या कामगारांसाठी आणि खेळाडूंसाठी. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या १९४४च्या ‘जीआय बिल’ कायद्यामुळे महायुद्धावरून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले आणि त्यांच्यासोबत लष्करातील खाकी सुती पँट, म्हणजेच आजची चिनो, कॅम्पसवर रुळली. कॉलरची टोके बटणांनी अडकवलेला ऑक्सफर्ड शर्टसुद्धा पोलो खेळाडूंच्या शर्टावरून ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकन कपडे कंपनीने १८९६च्या सुमारास बाजारात आणला. श्रम, सैन्य आणि मैदान यांतून आलेल्या या कपड्यांनी कुणाची ऐपत सहसा कळत नाही, आणि मला ही गोष्ट मनापासून आवडते. शर्टाच्या खिशावरचे चिन्ह इथे कुणी पाहत नाही. खांद्याची शिवण खांद्यावर बसते का आणि पँटचे पाय बुटांवर गोळा होत नाहीत ना, एवढे मात्र नजरेत भरते. अमेरिकन मापे बहुधा आपल्यापेक्षा सैल असतात, त्यामुळे नाशिकमध्ये ‘एल’ घालणाऱ्याला इथे ‘एम’ पुरते. पँटवर कमरेसोबत पायाच्या आतल्या बाजूची लांबीही इंचांत छापलेली असते आणि ती ठाऊक नसली की ऑनलाइन खरेदी फसते.

शनिवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की कॅम्प रँडल स्टेडियमकडे जाणारा रस्ता विद्यापीठाच्या रंगाने लाल होतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे बिब ओव्हरऑल, म्हणजे छाती झाकणारी आणि खांद्यांवरून बंदांनी अडकवलेली पँट, घातलेली मुले तिथे घोळक्याने दिसतात. आपल्यात सामावून घ्यायला ही मुले उत्सुक असतात आणि विद्यापीठाचा एक लाल टी-शर्ट अंगात असला, तर अनोळखी माणूसही सहज बोलू लागतो.

थंडीचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर आहे. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की आपल्याकडे बातमी होते. इथे जानेवारीत तो उणे वीसपर्यंत जाऊ शकतो आणि मेंडोटा सरोवर इतके गोठते की लोक त्यावरून चालतात. त्याच वेळी वर्गखोल्या मात्र उबदार असतात. म्हणून एकच जाड स्वेटर निरुपयोगी ठरतो. आत थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचा अंगरखा) आणि वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट असे थर हवेत, म्हणजे वर्गात शिरल्यावर ते उतरवता येतात. जॅकेट आणि बर्फात चालायचे बूट इथेच घ्यावेत. गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते स्वस्त मिळतात. स्वयंपाक करताना ते जॅकेट कपाटात बंद ठेवावे, कारण फोडणीचा वास कापडात मुरतो आणि जाड जॅकेट वारंवार धुता येत नाही. सुती शर्ट गरम ड्रायरमध्ये टाकल्यास आटतात, म्हणून ते हवेवर वाळवावेत.

नाशिकहून आणण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे शिंप्याकडून अंगाबरोबर शिवून घेतलेला गडद निळा किंवा राखाडी सूट. एरवी हुडीत वावरणारी हीच मुले नोकरीच्या मेळाव्याला सूट-टायमध्ये येतात आणि त्या दिवशी ढगळ कोट घातलेला उमेदवार चटकन वेगळा दिसतो. इथे कपडे दुरुस्त करून घेणे महाग पडते, त्यामुळे पहिल्या वर्षात वजन कमी-जास्त होणार हे गृहीत धरून कमरेला आणि बाह्यांना आत पुरेसे कापड सोडायला शिंप्याला आवर्जून सांगावे. सोबत दिवाळीसाठी एक कुर्ताही ठेवावा.