मॉडेल मावलं, पण मेमरी पुरेना

लामा २ हे मेटाचं मजकूर लिहिणारं एआय. त्याचं जवळपास ७ अब्ज पॅरामीटरचं (शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल १६-बिटमध्ये, म्हणजे आकड्यामागे २ बाइट धरून, साधारण १३.५ जीबी घेतं. १६ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ते बसतं, आणि तिथेच हिशेब चुकतो. प्रत्येक टोकनमागे (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) मॉडेलच्या ३२ थरांच्या की आणि व्हॅल्यू, म्हणजे आधीचा मजकूर लक्षात ठेवणाऱ्या आकड्यांच्या दोन याद्या, जपून ठेवाव्या लागतात; हा साठा म्हणजे कॅशे. हिशेब असा: २ याद्या × ३२ थर × यादीतले ४०९६ आकडे × २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. ४०९६ टोकनांचं एकच संभाषण २ जीबी खातं. तेवढंच लांब दुसरं सुरू झालं की मेमरी संपली! चाचणीतले प्रश्न दोन ओळींचे, म्हणून हे आधी कळत नाही.

मराठीत जास्तच जपायला हवं. ‘नमस्कार’ म्हणजे ७ युनिकोड चिन्हं, २१ बाइट. टोकनंही इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. कॅशे ८-बिटचा केला तर जागा निम्मी लागते, पण लांब मजकुरावरची उत्तरं पुन्हा तपासा. माझ्या मते आधी एकावेळच्या विनंत्यांवर मर्यादा घालावी.