मेलबर्नला जाणारा फोन

माझी भाची जुलैच्या सत्रासाठी मेलबर्नला शिकायला जात आहे. सामानाची यादी करताना तिने सहज म्हटले, "मावशी, फोन इथूनच नवा घेऊन जाते, आता सगळे फोन सगळीकडे चालतात." दोन वर्षांपूर्वी मुलगा अमेरिकेला निघाला होता, तेव्हा हेच वाक्य मी स्वतः उच्चारले होते आणि त्याची किंमत त्याने मोजली, म्हणून या वेळी खरेदीला निघण्याआधी तिला घेऊन दोन संध्याकाळी नीट बसले. त्यातून जे कळले ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्या पुण्यातून दरवर्षी कितीतरी मुले परदेशी जातात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बॅगेत एक कोरा फोन असतो.

मुलाचे झाले ते असे. फोन कर्वे रस्त्यावरून घेतलेला, चांगला महागातला. विमानतळावर उतरल्यावर त्याने तिथले सिम घातले, इंटरनेट सुरू झाले, व्हॉट्सॲपवर त्याचा चेहरा दिसला आणि आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी रात्री खोलीची किल्ली आत राहिली आणि दार लागले, तेव्हा घरमालकाला साधा फोन लावताना कळले की या फोनवरून कॉल जातच नाही. नंबर फिरवला की दोन सेकंद शांतता आणि कॉल बंद. घरमालक व्हॉट्सॲप वापरत नव्हते. शेजाऱ्याच्या फोनवरून काम भागले, पण पुढच्या आठवड्यात सिम कंपनीने सांगितले की हे मॉडेल त्यांच्या यादीत नाही, आणि त्याला तिथे दुसरा फोन विकत घ्यावा लागला.

असे का झाले हे मला तेव्हा समजले नव्हते. पूर्वी फोर-जीवर इंटरनेट चालत असे आणि कॉल आला किंवा केला की फोन गुपचूप थ्री-जी किंवा टू-जीवर उतरत असे. अमेरिकेतील तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपले थ्री-जी २०२२ या एकाच वर्षात बंद केले. त्यानंतर कॉल बहुतांशी फोर-जीवरूनच, म्हणजे व्होल्टीनेच, जावा लागतो. आता आपल्याकडे जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाले तेच मुळी टू-जी आणि थ्री-जीशिवाय, त्यामुळे इथे विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये व्होल्टी असते आणि ते सगळीकडे चालेल असे आपण धरून चालतो. पण व्होल्टीसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या मोबाइल कंपनीची मांडणी, म्हणजे सेटिंग, आधीपासून भरलेली असावी लागते. भारतासाठी बनवलेल्या फोनमध्ये भारतीय कंपन्यांची असते. परदेशातल्या कंपनीची असेलच असे नाही. यंत्र तेच, नाव तेच, पण कॉल लागत नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न आणखी गंभीर आहे. तिथल्या टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्री-जी बंद करायला घेतले; व्होडाफोनने ते त्याआधीच केले होते. त्या वेळी असे लक्षात आले की काही फोन रोजचे कॉल फोर-जीवरून व्यवस्थित करतात, पण ०००, म्हणजे आपल्या ११२ सारखा तिथला आपत्कालीन क्रमांक, फिरवला की थ्री-जीच शोधतात. असे फोन धोक्याचे, म्हणून कंपन्यांनी त्यांना सेवाच देऊ नये असा नियम तिथे झाला. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. एकट्या राहणाऱ्या मुलीच्या हातातल्या फोनने बाकी काही केले नाही तरी चालेल, पण मदतीचा कॉल लागलाच पाहिजे. मात्र त्याचा अर्थ असाही होतो की इथून हौसेने नेलेला फोन तिथे नाकारला जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट बँडची. प्रत्येक देशात मोबाइल कंपन्यांना ठरावीक लहरींचे पट्टे मिळालेले असतात आणि त्यांना क्रमांक असतात. आपल्याकडे फोर-जीला ३, ५, ८, ४० असे बँड वापरात आहेत. ऑस्ट्रेलियात बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, फार महत्त्वाचा आहे, कारण कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर पोहोचतात आणि भिंतीतून आत शिरतात. शहरात दुसऱ्या बँडवर काम चालून जाईल, पण तळघरात, लिफ्टजवळ, गावाबाहेरच्या रस्त्यावर या एका क्रमांकावाचून फोन मुका होऊ शकतो. मुलाच्या खोलीत नेटवर्क का येत नसे, याचेही उत्तर मला या वेळी मिळाले: अमेरिकेत असे काम १२, १३ आणि ७१ हे बँड करतात आणि त्याच्या फोनमध्ये त्यांतला एकही नव्हता.

जेवणाच्या टेबलावर आम्ही वहीत दोन रकाने आखले. डावीकडे मेलबर्नमधल्या कंपनीचे बँड, उजवीकडे भाचीला आवडलेल्या फोनचे. उजव्या रकान्यात २८ दिसताच ती आनंदाने म्हणाली, "बघ, आहे की!" पण त्या २८ च्या आधी एक छोटासा 'एन' होता. एन २८ हा फाइव्ह-जीचा बँड. जिओ तो इथे वापरते, म्हणून भारतातल्या फोनमध्ये तो असतो. फोर-जीच्या ओळीत साधा २८ नव्हता. कॉल फोर-जीवरून जाणार असेल तर उपयोग त्याच साध्या २८ चा. एका अक्षरावरून आमचे बत्तीस हजार रुपये वाचले.

शनिवारी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार सज्जन होते, त्यांनी चार खोकी समोर मांडली आणि म्हणाले, "मॅडम, फाइव्ह-जी आहे, जगात कुठेही न्या." खोक्यावर किंमत, रंग, कोणत्या महिन्यात बनवला तो महिना, सगळे छापलेले होते, बँड कुठेच नव्हते. मी खोके उलटे करून स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक भिंगातून वाचला आणि भाचीने तो निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधला. त्याच नावाच्या फोनचा ऑस्ट्रेलियातला मॉडेल क्रमांक शेवटच्या दोन आकड्यांनी वेगळा निघाला आणि त्याची बँडची यादीही वेगळी. जाहिरातीतल्या नावावर जाऊ नये, स्टिकरवरचा क्रमांक पाहावा, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

जर्मनीला जाणाऱ्यांना थोडी सवलत आहे. तिथे थ्री-जी २०२१ मध्येच बंद झाले, पण टू-जी राहिले आहे, त्यामुळे व्होल्टी जुळले नाही तरी कॉल निदान टू-जीवर उतरतो. तिथे बँड २० आहे की नाही एवढे आवर्जून पाहावे. तुर्कस्तानात वेगळेच आहे: बाहेरून आणलेला फोन कर भरून नोंदवला नाही तर तिथल्या सिमवर १२० दिवसांनंतर बंद पडतो. एका देशाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

फोनमध्ये दोन सिमची सोय मात्र कुठेही जाणाऱ्याला हवीच, मग ती दोन खाचांची असो वा एक खाच आणि एक ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले सिम, अशी. बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरवर येतो आणि तो नंबर जिवंत राहिला नाही तर परदेशात बसून पैशाचे साधे कामही अडते. त्या नंबरचे रोमिंग निघण्यापूर्वी पुण्यातच सुरू करून घ्यावे.

शेवटी आम्ही इथे फोन घेतला नाही. भाची सध्याचाच जुना फोन घेऊन जाईल, पहिले काही दिवस इथले सिम रोमिंगवर आणि वसतिगृहाचे वाय-फाय यांवर काढेल, आणि तिथे सुटा, कोणत्याही कंपनीला न बांधलेला फोन घेईल. चार पैसे जास्त पडले तरी चालतील, शिवाय हमीही बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. चालतील अशा दोन फोनचे ऑस्ट्रेलियातले मॉडेल क्रमांक तिने वहीतून उतरवून तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवला आहे. दुकानात फोन हातात आला की आधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचे, पडद्यावर आलेला पंधरा आकडी आयएमइआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि मगच पैसे द्यायचे, हे तिने त्याच कागदाच्या मागे माझ्यासमोर लिहिले.