दुसऱ्याची एकांकिका

पुण्यात एकांकिका लिहिणारे एकमेकांना दाद देतात ती बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर. प्रयोग संपतो, लेखक बाहेर येतो, आपण त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि म्हणतो, "मस्त झालं रे, फक्त शेवट जरा..." पुढचं वाक्य चहात बुडतं. लेखक मग रात्रभर त्या 'जरा'चा अर्थ लावत बसतो. या दादेचा कुणालाच उपयोग नाही, म्हणून मी ती बंद केली. आता एका एकांकिकेला माझे सात-आठ तास जातात: दोन वाचनं, एक तक्ता, जमला तर प्रयोग, आणि शेवटी एक पान लिखाण.

पहिलं वाचन एका बैठकीत करायचं. हातात पेन नाही, शेजारी घड्याळ. संवाद मोठ्यानं, निदान पुटपुटत वाचायचे, कारण डोळ्यांना पल्लेदार वाटणारं वाक्य तोंडात कुठे अडतं ते तोंडालाच कळतं. पान संपल्यावर मागे जाऊन पुन्हा वाचायचं नाही. प्रेक्षकाला ती सोय नसते.

वेळेचा माझा ठोकताळा असा: १४ पॉइंटमध्ये, दोन संवादांत ओळ सोडून टाईप केलेलं एक पान मोठ्यानं वाचायला सव्वा ते दीड मिनिट घेतं. २४ पानांची संहिता ३०-३५ मिनिटांत वाचून होते. रंगमंचावर तिला तिसरा हिस्सा आणखी लागतो, कारण हालचाली, पॉझ, हशे आणि ब्लॅकआउट कागदावर वेळ खात नाहीत. नऊ ब्लॅकआउट, प्रत्येकी १५ सेकंद, म्हणजे सव्वादोन मिनिटं नुसता काळोख. कपडे बदलायचे असतील तर दुप्पट. नुसतं वाचनच ५० मिनिटं चाललं, तर तासाच्या मर्यादेत प्रयोग बसवताना नट वेग वाढवणार हे नक्की. वेग वाढला की सगळ्यात आधी जातात ते पॉझ. मग चार जण म्हणतात, 'लिखाण उथळ आहे.' लिखाण उथळ नसतं, चार-पाच पानं जास्तीचं असतं.

वाचून झालं की संहिता बंद करतो आणि आठवेल ते पाच वाक्यांत लिहितो. विषय काय होता ते नाही, घडलं काय तेवढंच. कोण आलं, काय मागितलं, कुणी नाकारलं, काय बदललं. 'आजच्या पिढीचं एकटेपण मांडलंय' हे वाक्य या कागदावर चालत नाही. पाच वाक्यं जमेनात, तर बहुधा रंगमंचावर काही घडतच नाही, फक्त बोललं जातं. एखादं पात्र आठवलंच नाही, तर तीही नोंद ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन दुसरं वाचन. समासात तीनच खुणा. जिथे पकड बसली किंवा हसू आलं तिथे बरोबरची खूण. लक्ष भटकलं तिथे नागमोडी रेघ. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. शब्द एकही लिहायचा नाही, ही अट मी स्वतःवर मुद्दाम घातली आहे. लिहिणारा माणूस शब्द लिहायला लागला की तिसऱ्या पानापासून स्वतःची एकांकिका लिहायला लागतो. 'इथे बहीण गप्प राहिली तर?' हा प्रश्न चांगला असेल, पण त्या क्षणापासून मी समोरची बहीण पाहायचं थांबवलेलं असतं.

खरं काम तक्त्यात आहे. आडव्या कागदावर चार रकाने: पान, रंगमंचावर कोण, काय बदललं, आणि कुणाला काय माहीत आहे. चौथा रकाना भरायला वेळ लागतो आणि एकांकिकेची सगळी दुखणी तिथेच सापडतात. पाऊण तासात पूर्वकथा सांगायला जागा नसते, म्हणून लेखक ती पात्रांच्या तोंडी कोंबतो. "ताई, तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि दुकान दादाच्या नावावर आहे." ताईला माहीत असेल तर हा बोलतोय कुणाशी? उलट ताई दारातच थबकून "दुकानाची पाटी कधी बदलली?" एवढंच विचारते, तेव्हा बाबा, दादा आणि भांडण तिन्ही एका प्रश्नात येतात आणि ताईला उत्तर हवंही असतं. 'माहीतच आहे', 'विसरलास का', 'आठवतं ना' हे शब्द दिसले की त्या संवादाच्या पोटात पूर्वकथा दडलेली आहे असं धरून मी चालतो. अंदाज क्वचितच चुकतो. पूर्वी हे काम टेलिफोनची घंटा करायची, आता मोबाइल करतो. रंगमंचावरच्या फोनमध्ये निम्मं संभाषण ऐकूच येत नाही, त्यामुळे नट पलीकडचं वाक्य पुन्हा उच्चारत बसतो: "काय म्हणतोस? अॅक्सिडेंट झाला?"

चौथ्या रकान्यात आणखी एक गोष्ट उघडी पडते. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असेल तर धाकधूक असते, कमी माहीत असेल तर कुतूहल. दोघांना सगळं एकाच वेळी कळत असेल, तर पान उलटतं एवढंच. जिथे सलग चार-पाच पानं तसं झालंय, तिथे माझी नागमोडी रेघ आधीच पडलेली असते.

भाषेची तपासणी यानंतर. पात्रांची नावं पट्टीनं झाकायची आणि संवाद कुणाचा ते ओळखायचं. दहापैकी सहा ओळखता आले तरी मी खूश असतो. बोलीभाषा असेल तर जास्त सावध राहावं लागतं. पुण्यात बसून लिहिलेल्या गावाकडच्या पात्राच्या तोंडी एका पानावर 'नाही', पुढच्या पानावर 'न्हाई' आणि रागात 'नाय' येतं. 'काहून' आणि 'कशापायी' एकाच माणसाच्या बोलण्यात शेजारी बसतात. अशी बोली फक्त हशा काढायला आणलेली असते आणि गंभीर प्रसंगात ती गळून पडते. दुःख झालं की प्रमाण मराठी! मी अशा जागांची नुसती पानं लिहून ठेवतो. लेखकानं ती एकत्र पाहिली की पुरतं.

पण मराठीत सगळ्यात नाट्यमय गोष्ट संबोधन आहे आणि आपणच तिच्याकडे दुर्लक्ष करतो. तू, तुम्ही, आपण, अहो, अगं: यातला एक बदल म्हणजे एक घटना. आयुष्यभर 'अहो' म्हणणारी बायको एकदाच 'अरे' म्हणाली, तर तिला वेगळा स्फोटक संवाद लागत नाही. बापानं मुलाला "तुम्ही मोठे झालात" म्हटलं की त्या 'तुम्ही'त दार बंद झाल्याचा आवाज असतो. म्हणून मी प्रत्येक जोडीचं संबोधन वेगळ्या कागदावर लिहितो आणि बदल होतो ती पानं टिपतो. सतराव्या पानावर सून सासूला अचानक 'तू' म्हणते. ही टायपिंगची चूक की एकांकिकेचा मध्यबिंदू? दोन्ही शक्य असतं. लेखकाला हा प्रश्न विचारल्यावर पुष्कळदा उत्तर येतं, "अरे, माझ्या लक्षातच नाही आलं," आणि पुढच्या खर्ड्यात तीच जागा सगळ्यात पक्की होते.

रंगसूचना मी भराभर पाहतो. 'तिच्या मनात कालवाकालव होते' हे दिसणार कसं, एवढाच प्रश्न. 'पाऊस कोसळतो, भिंत खचते' असं लिहिणाऱ्याला दोन लेव्हल म्हणजे लाकडी उंचवटे, चार ठोकळे आणि सेट लावायला मोजकी मिनिटं मिळणार आहेत हे माहीत आहे का, तेही पाहतो.

आता प्रयोग. पुण्यात यासाठी शाळा म्हणजे पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९६३पासून चालू आहे, आणि ऐन पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात ओल्या छत्र्या पायाशी ठेवून एका बैठकीत लागोपाठ एकांकिका पाहता येतात. दोनपेक्षा जास्त मी नोंदींसाठी पाहत नाही. तिसरीवर दुसरीचा राग निघतो.

पहिल्या रांगेत बसू नये. तिथून नटाचे डोळे दिसतात आणि त्याचा अभिनय लेखकाच्या खात्यात जमा होतो. मी मागच्या तिसऱ्या हिश्शात, कडेला बसतो, कारण तिथून शब्द पोचतो की नाही हे कळतं आणि प्रेक्षकही दिसतात. खोकला, खुर्च्यांची करकर, मोबाइलचा उजेड: या तिन्हींची वेळ मी अंधारातच वहीत टिपतो. घरी येऊन ती वेळ तक्त्याशी जुळवली की नागमोडी रेघा खऱ्या ठरतात किंवा खोट्या. खोट्या ठरल्या तर तसं लेखकाला सांगतो. मला कंटाळा आला तिथे सभागृह श्वास रोखून होतं, ही माहिती त्याच्या हक्काची आहे.

'अरे आवाज कुणाचा' या आरोळीनं सुरू झालेल्या प्रयोगात पहिल्या दहा मिनिटांतले हशे वजा करावे लागतात. ते मित्रांचे असतात. नट दिसला म्हणून येतात, वाक्यासाठी येत नाहीत. साधी चाचणी अशी: वाक्य पूर्ण व्हायच्या आत हशा आला तर तो नटाचा, वाक्यानंतर क्षणभर थांबून आला तर लेखकाचा. नव्वद टक्के वेळा चालते, असं मी म्हणणार नाही, पण चालते. सभागृहाचाही हिशेब धरावा. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, तिथे मानेचा झटका पुरतो. टिळक स्मारकच्या मोठ्या सभागृहात मागच्या रांगेत तोच झटका पोचत नाही आणि संवाद अपुरा वाटतो. दोष संहितेचा नसतो.

शेवटाबद्दल थोडं जास्त. स्पर्धेतल्या एकांकिकांना दोन शेवट असण्याची खोड आहे. गोष्ट संपते, काळोख होतो, टाळ्या सुरू होतात आणि प्रकाश पुन्हा येतो: मध्यभागी एक नट, वरून स्पॉट, आणि प्रेक्षकांकडे पाहून दीड पानाचं स्वगत. सगळं आधीच कळलेलं असताना ते पुन्हा सांगायचं कारण भीती. मुद्दा परीक्षकांपर्यंत पोचला नसेल तर? दुसरा प्रकार शेवटच्या पानावर उलगडणारा, 'ती तर केव्हाच मेलेली होती' धर्तीचा. त्याला दाद देण्याआधी मी संहिता उलट्या बाजूनं वाचतो. रहस्य माहीत असताना आधीची पानं जास्त रंगतात का? रंगत असतील तर ती उत्तम कारागिरी. रंगत नसतील तर प्रेक्षकाला पाऊण तास फसवलेलं असतं आणि दुसऱ्या प्रयोगाला काही उरत नाही.

गुण देणं आणि दाद देणं यांत मी गल्लत करत नाही. २०२२ साली परीक्षकांनी कुठलीच एकांकिका पात्र न ठरवल्यानं पुरुषोत्तम करंडक दिला गेला नाही, तेव्हा माझ्या कानावर आलेली चर्चा बहुतेक परीक्षकांच्या अधिकाराची होती. अमक्या संहितेचं अमकं पान असं क्वचितच कुणी बोललं. परीक्षकाला बेरीज करून एक आकडा काढावा लागतो. दाद देणाऱ्या दुसऱ्या लेखकाला ते बंधन नाही. बेचाळीस मिनिटं फसलेल्या एकांकिकेतल्या तीन अफाट मिनिटांबद्दल त्यानं पानभर लिहावं.

लिहायचं कसं? प्रयोगाच्या रात्री मी लेखकाला एकच गोष्ट सांगतो, तीही नेमकी: "डबा उघडून तो पुन्हा बंद करतो, ती जागा." बाकी तीन दिवसांनी, लेखी, एका पानात. वर माझी पाच वाक्यं, म्हणजे मला दिसलेली गोष्ट. त्याला लिहायची होती त्याहून ती वेगळी असेल तर निम्मी चर्चा तिथेच होते. मग पकड बसलेल्या तीन जागा, पान क्रमांकासह, आणि प्रत्येकीला 'कारण'. नंतर दोन खरे प्रश्न. 'तुला असं नाही वाटत का की' हा प्रश्न नव्हे. शेवटी कंटाळ्याची एक जागा, मिनिटांसकट. 'मी असतो तर' हे शब्द पानावर आले की पान फाडून पुन्हा लिहितो. मागच्या पिढीतला लेखक असेल तर 'तुम्ही' येतं आणि त्याबरोबर भिडस्तपणाही. तेव्हा मी प्रश्न दोनाचे तीन करतो, शेरे कमी करतो.

भेटून बोलायचं असेल तर पहिली दहा मिनिटं लेखकानं फक्त लिहून घ्यायचं. खुलासा करायची घाई होते, आणि खुलासा ऐकला की मला न दिसलेली गोष्टही मला दिसल्यासारखी वाटू लागते.

एक व्यवहाराची बाब. प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जायच्या आधी हे सगळं झालेलं बरं. प्रमाणपत्र सादर केलेल्या संहितेला मिळतं. नंतर शेवट बदलायचा तर पुन्हा धावपळ, आणि संघाला लेखकाच्या परवानगीपत्रासोबत कुठला खर्डा जोडायचा हाही घोळ. म्हणून खर्ड्याच्या पहिल्या पानावर तारीख असल्याशिवाय मी वाचायला घेत नाही. आलेली पीडीएफ पुढे कुणाला पाठवत नाही, लेखकानं सांगितलं तरी त्यालाच पाठवायला सांगतो.

पेन्सिलीच्या खुणांची प्रत मात्र मी जपून ठेवत नाही, लेखकाला देऊन टाकतो. नवा खर्डा आला की तो पुन्हा पेनशिवाय, घड्याळ लावून वाचतो. जुनी प्रत जवळ असली तर मी एकांकिका न वाचता माझ्या सूचना पाळल्या का तेच तपासत बसतो.