नव्या मशीनवर लिनक्स अडतं तेव्हा

इन्स्टॉलर मध्येच बंद पडला की लगेच दुसरं डिस्ट्रो (लिनक्सची दुसरी आवृत्ती) शोधू नका. आधी पेनड्राइव्हवरच्या आयएसओचा (इन्स्टॉलरच्या फाइलचा) चेकसम, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे दाखवणारा आकडा, जुळवा, मग रॅम तपासा. नव्या मदरबोर्डवर एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) चालू असेल तर रॅम जास्त वेगाने धावते. हे खरं तर ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ते बंद करून मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा किमान एक पूर्ण फेरा होऊ द्या. एकही लाल ओळ दिसली तर एकेक स्टिक लावून तपासा. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी एरर येत असेल, तर माझा पहिला संशय रॅमवरच असतो.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्क हाताळण्याचा व्हीएमडी किंवा रेड (RAID) मोड चालू आहे का ते पाहा. तो बंद करून एएचसीआय हा साधा मोड निवडा. मात्र त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर सांभाळून, कारण थेट मोड बदलला की ते बूट होत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बदल करा. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी हवीच.

स्क्रीन काळी राहिली तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीच्या मेनूत) 'ई' (e) दाबा, 'लिनक्स'ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा. हा तात्पुरता उपाय. नंतर ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर टाका.

वायफाय नसेल तर डीमेसेजमध्ये (dmesg या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत) फर्मवेअरची, म्हणजे वायफाय चिपला लागणाऱ्या फाइलची, ओळ शोधा. 'एरर -२' म्हणजे फाइलच सापडली नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा (फोनचं इंटरनेट मशीनला द्या), फर्मवेअर आणि कर्नल अपडेट करा.