तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओ का नाही?

"बाईला न बघता तुम्ही औषधपाणी कसं करता?" हा प्रश्न मला डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि देणगी देऊ शकणाऱ्या लोकांच्या एसी ऑफिसात विचारला गेलाय. पाठोपाठ दुसरा येतोच: मग व्हिडिओ का नाही? ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बायकांनी मिस्ड कॉल द्यायचा आणि आम्ही उलट फोन करायचा, एवढीच आमची सेवा. मी "तिकडे रेंज नसते हो" म्हणून सुटका करून घेते. ते खोटं नाही, पण खरं कारणही नाही.

नियम मला माहीत आहेत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत नुसता फोन चालतो. पण पहिल्याच सल्ल्यात आवाजावर द्यायची म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस असली साधी औषधं. त्यापुढच्या यादीला पहिल्या वेळी व्हिडिओ लागतो. म्हणजे मी आपणहून हात बांधून घेतलेत. घेतलेत, कारण आमचे बरेचसे फोन औषधासाठी नसतातच. "पिशवी काढू का?" यासाठी असतात; पिशवी म्हणजे गर्भाशय. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, एवढ्यावर "पुढे कॅन्सर होईल" असं सांगितलेल्या बायका मला आजही फोन करतात. त्यांना माझा चेहरा नको असतो. वास येतो का, खाज आहे का, सोनोग्राफीच्या कागदावर काय लिहिलंय ते पोराकडून वाचून घे, असं विचारत कोणीतरी अर्धा तास बसायला हवं असतं.

आणि बाई बोलते कधी? समोर कोणी बघत नसेल तेव्हा. हे मी वर्षानुवर्षं ओपीडीत बसून शिकले नाही, फोनवर शिकले.

आता ती गोष्ट. कोल्हापूरकडच्या एका ऊसतोडीच्या फडावरून रात्री नऊनंतर मिस्ड कॉल आला. "म्याडम, पाळी पुढं ढकलायची गोळी सांगा." पाळी कधीची? "चालूच हाय." मग हळूहळू निघालं. पंधरवडा उलटून गेला होता. गाठी पडत होत्या. मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढे अंधारी. गावाकडच्या दवाखान्यात पिशवी काढायचं ठरलेलं, उचल, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटली की करू म्हणून राहिलेलं. हे सांगताना मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तीच घासत होती.

रक्तस्राव कमी करायची गोळी द्यायची तर व्हिडिओ हवा. म्हटलं, लाव. नवऱ्याने लावून दिला. चित्र आलं तशी बाई बदलली. डोक्यावर पदर, पाठ ताठ, फोटो काढायला बसल्यासारखी. शेजारच्या कोपीतली, म्हणजे झोपडीतली, दोन पोरं आत डोकावायला लागली. "चक्कर येते का?" "न्हाई." "गाठी?" "न्हाई, बरं हाय आता." मघाशी बोलत होती ती बाई त्या स्क्रीनवर नव्हतीच.

इथे थांबले तर माझा मुद्दा सिद्ध होतो. पण फोन तिच्या हातातून कलंडला आणि बॅटरीच्या उजेडात ती उठताना दिसली. बांबूला धरून उठू गेली, बसली, परत उठू गेली, परत बसली. हे तिने कुठल्याच प्रश्नाला सांगितलं नसतं. घ्या, तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते.

गोळीचा विषय मी तिथेच सोडला. नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता १०८ ला फोन करा. "सकाळी बघू की. उद्या खाडा पडंल." खाडा म्हणजे कामाचा दिवस बुडणं. मी ओरडले, जिवाला धोका आहे म्हणून घाबरवलं, मुकादमाला फोनवर घेतलं. तो फार गोड बोलला. सकाळी नेलं तिला. तीन पिशव्या रक्त चढवलं.

उन्हाळ्यात गावी आल्यावर तिने पिशवी काढून घेतली. मला आशाताईंकडून कळलं. मी फोन केला तर म्हणाली, "तुमीच म्हनलात ना, जिवाला धोका हाय." स्राव कशाचा होता, गाठीचा की अर्धवट पडलेल्या गर्भाचा, हे कोणी तपासलं होतं की नाही, तिला माहीत नव्हतं. मी तरी घाबरवायला नको होतं का? मग ती सकाळीही गेली नसती.

सुरुवातीला मी भाषणात म्हणायचे, दवाखाना बाईच्या हातात देऊ. आज ते वाक्य ऐकवत नाही. आमचा नंबर हल्ली मुकादम स्वतः वाटतात, आणि मला त्याचा आनंद होत नाही. बाई फोनवर बोलते, परत कोयता उचलते, खाडा वाचतो. सोय नक्की कोणाची केली मी? तेव्हाची मी म्हणेल, मग बंद कर. बंद केलं तर ती पाळीची गोळी मेडिकलवाल्याला विचारेल. हे भांडण चालूच आहे.

बघण्यापेक्षा मला तिथे हात हवेत. ई-संजीवनीत, म्हणजे सरकारी टेलिमेडिसिन सेवेत, उपकेंद्रातली सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) बाईजवळ बसते, बीपी घेते आणि मग पलीकडच्या डॉक्टरशी बोलणं होतं, तसं. पण बाई फडावरून परतते तेव्हा उपकेंद्राला कुलूप असतं. म्हणून टोळीतलीच एक बाई शिकवायची, तिच्याकडे बीपीचं मशीन, हिमोग्लोबिन बघायचं साधन, गरोदरपणाच्या तपासणीची किट. मी यासाठी पैसे मागते. समोरचे विचारतात, अ‍ॅप कुठंय?

नवरे मात्र व्हिडिओचं कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, बायको डॉक्टरशी एवढा वेळ काय बोलते? त्याचं उत्तर मी देत नाही.