तिसरा रकाना

लेकीची गणिताची जुनी वही होती, अर्धी कोरी. शाळेचं वर्ष संपलं की अशा वह्यांची चळत उरते आणि टाकवत नाही. ती वही उलटी धरून मागच्या पानावर मी एका १ तारखेला माझी महिन्याची ध्येयं लिहिली. अकरा ओळी झाल्या. लिहून संपल्यावर इतकं हलकं वाटलं, जणू त्यातली चार-पाच कामं उरकलीच.

तेव्हा मोठी नऊ वर्षांची होती आणि धाकटा अडीचचा. माझी नोकरी पूर्णवेळ, नवऱ्याची फिरतीची. यादीत काय नव्हतं! रोज पाठीचे व्यायाम, दोन पुस्तकं, कामात उपयोगी पडेल असा एक ऑनलाइन कोर्स, अकराच्या आत झोपणं, मुलांच्या फोटोंचा अल्बम, दुखरी दाढ दाखवणं, मुलांवर न ओरडणं, जुन्या मैत्रिणीला फोन, वगैरे. 'रोज' हा शब्द पाच ओळींत होता. ज्या घरात केस विंचरणंही रोज होईलच असं नाही, त्या घरातली ही यादी.

महिनाअखेरीला रात्री साडेदहाला, धाकट्याच्या पाठीवर एक हात ठेवून, मोबाइलच्या उजेडात मी आढावा घेतला. दोनच रकाने होते: 'झालं' आणि 'नाही झालं'. झालं मध्ये दोन खुणा. त्यातलं एक पुस्तक आधीच्या महिन्यात अर्धं वाचलेलं. पुढच्या महिन्यात तीच यादी, फक्त अक्षर जास्त चांगलं आणि खाली पट्टीने ओढलेल्या रेघा. निकाल जवळपास तोच.

तिसऱ्या महिन्यात वही लेकीच्या हाती लागली. वही तिचीच, त्यामुळे मला काही बोलायचीही सोय नव्हती. तिने यादी वाचली, लाल पेन शोधून आणलं आणि पानाच्या उजव्या बाजूला शेरा लिहिला: 'प्रगती असमाधानकारक. पालकांनी लक्ष द्यावे.' मला हसू आवरेना. रात्री वही परत उघडली तेव्हा त्या शेऱ्याखाली काहीतरी उत्तर लिहावंसं वाटलं. आपण नाही का शाळेत चिठ्ठी देत, 'ताप आल्यामुळे गृहपाठ पूर्ण करता आला नाही, तरी कृपया...' तशीच. मी उजवीकडे एक रेघ ओढली, वर 'खुलासा' लिहिलं आणि न झालेल्या प्रत्येक कामापुढे कारण भरायला घेतलं.

नऊ ओळी. नऊ वेळा एकच उत्तर: वेळ मिळाला नाही.

हीच चिठ्ठी लेकीने मला दाखवली असती तर मी खपवून घेतली नसती, एवढं मात्र कळलं. म्हणून नियम केला की 'वेळ मिळाला नाही' लिहायचं नाही. कुठल्या दिवशी, नक्की काय झालं, ते लिहायचं. आता ३० तारखेला ८ तारखेची रात्र कुणाला आठवणार? त्यामुळे आपोआपच दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं वही उघडणं आलं. माझ्या सगळ्या खटाटोपात खरा फरक कशाने पडला असेल तर या खुलाशाच्या रकान्याने. ध्येयं ठरवायला मला कधीच अडचण नव्हती. त्यात मी पटाईत होते.

खुलाशातून पहिली गोष्ट बाहेर आली ती हिशेबाची. आठवड्याचे तास १६८. एक आठवडाभर मी प्रामाणिकपणे टिपत गेले की जागी असताना, कुणी हाक मारत नसताना, हात मोकळे असा माझा वेळ किती. भरले साडेचार तास. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा पंचवीस मिनिटांचा. म्हणजे महिन्याला जेमतेम १९ तास. मग अकरा ध्येयांना लागणारा वेळ मांडला तर तो साठच्या घरात गेला. मी दर १ तारखेला साठ तासांचं काम १९ तासांच्या पिशवीत कोंबत होते आणि पिशवी फाटली की स्वतःला आळशी म्हणत होते.

हे काही माझं एकटीचं खूळ नव्हे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याला नावही दिलं: नियोजनाची चूक. आधीची कामं लांबली हे ठाऊक असूनही माणूस पुढच्या कामाचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो. १९९४ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला, प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. मला बोचला तो पुढचा आकडा. सगळं बिनसलं तर किती लागतील, असंही त्यांना विचारलं होतं, आणि तो अंदाजसुद्धा ४९च्या आसपासच होता. म्हणजे माणसाचं 'सगळं बिनसलं' हेही आशावादीच असतं.

यावरचा उपाय साधा आहे पण अहंकाराला झोंबतो. पुढच्या महिन्याचा आकडा मनातून काढायचा नाही, मागच्या महिन्याच्या पानातून काढायचा. व्यायाम मागच्या महिन्यात सहा दिवस झाला होता ना, मग या महिन्याचं ध्येय आठ दिवस. तीस नव्हे. 'महिन्यातून आठ दिवस व्यायाम' असं लिहिताना मला लाज वाटली होती. त्या महिन्यात नऊ दिवस झाला.

दाढेची गोष्ट सांगायलाच हवी. 'दाढ दाखवणे' ही ओळ चार महिने पुढे सरकत होती. एका बाजूने खाणं अंगवळणी पडलं होतं. खुलाशात पहिल्यांदा लिहिलं, 'राहून गेलं'. नियमात बसेना, म्हणून खोडलं आणि नीट आठवलं. दवाखान्याचा फोन ज्या वेळात लागतो त्या वेळात मी कामावर असते. घरी येऊन आठवण होते तेव्हा फोन कुणी उचलत नाही. आणि तपासणीला जायचं तर दोन तास मुलांकडे कुणीतरी हवं, पण हे मी नवऱ्याला सांगितलेलंच नव्हतं. चार महिने! तो म्हणाला, "अगं, मला सांगायचंस ना." माझी चिडचिड झाली. घरातल्या प्रत्येकाचं काय दुखतं ते मला न सांगता कळतं, आणि माझं मात्र सांगावं लागतं. ते भांडण वेगळं, ते झालंही. पण वहीपुरतं बोलायचं तर माझी ओळच चुकली होती. 'दाढ दाखवणे' हे काम नव्हतंच. काम होतं, 'सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, दवाखान्यात फोन.' फोनला चार मिनिटं लागली.

'अमुक झालं की तमुक करायचं' अशा पद्धतीने ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त पार पडतं, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं अभ्यासून १९९९ साली सविस्तर मांडलंय. आईच्या दिवसाला ही पद्धत विशेष मानवते. आपल्या दिवसात घड्याळाचा भरवसा नसतो, पण घटनांचा असतो. धाकटा रात्री नऊला झोपेल की साडेदहाला, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. झोपेल, एवढं नक्की. म्हणून 'साडेनऊला व्यायाम' खोडून लिहिलं, 'तो झोपला आणि मी दार लोटून बाहेर आले की चटई अंथरायची.' फक्त अंथरायची, व्यायाम करायचाच असं नाही. अंथरलेली चटई तशीच गुंडाळून ठेवायला मला फार कमी वेळा जमलंय.

सगळ्यात लाजिरवाणी ओळ होती 'मुलांवर न ओरडणे'. ती मोजायची कशी? मी रोज रात्री अंदाजे 'आज बरं' किंवा 'आज वाईट' लिहायचे आणि वाईटच्या दिवशी अपराधी वाटून घ्यायचे. खुलाशात कारणं लिहायला लागल्यावर तीन आठवड्यांत चित्र दिसलं. बहुतेक आरडाओरडा सकाळी साडेसात ते आठमधला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक बुटांवरून. एक बूट दाराशी, दुसरा पलंगाखाली, मोजा ओला, आणि बस खाली उभी. संयम वाढवायचे संकल्प मी सहा महिने केले होते. पुढच्या महिन्याच्या पानावर लिहिलं, 'रात्री चारही बूट आणि दोन्ही दप्तरं दाराशी.' ओरडणं बंद झालं म्हणत नाही. संध्याकाळचं अजून आहेच. पण सकाळ शांत झाली, आणि माझ्या स्वभावात काडीचाही बदल न होता झाली.

अल्बमचं उलटं झालं. पाच महिने तीही ओळ सरकत होती. खुलासा लिहायला बसले तर धड कारण सापडेना. ताप नव्हता, फिरती नव्हती, दोन-तीनदा मोकळा वेळ मिळाला तेव्हा मी सरळ वाचत पडले होते. मग खरं काय ते लिहिलं: 'करायचंच नाहीये.' एका मैत्रिणीने दोन्ही मुलांचे सुंदर अल्बम केले होते आणि ते बघून आल्यावर ही ओळ माझ्या यादीत शिरली होती. मुलांनी कधी मागितला नव्हता, मला हौस नव्हती. मी ती ओळ खोडली. फोटो आहेत तिथे आहेत. ध्येय पूर्ण केल्यावर मिळतं त्याहून जास्त सुख ते खोडताना मिळालं, हे कबूल करते.

मधल्या काळात इतर प्रयोगही झाले. एक अॅप घेतलं. ते धाकट्याला न्हाऊ घालत असताना 'आज तुम्ही वाचन केलं का?' असं विचारायचं. आठवड्यात काढून टाकलं. पहाटे पाचला उठण्याचा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला, त्यातल्या एकाच्याही घरी लहान मूल नव्हतं. चार दिवस उठले. पाचव्या मिनिटाला धाकटाही उठून बसायचा, आणि मग आम्ही दोघं पहाटे पाचपासून ठोकळे रचायचो. खुलासा: 'तोही उठला.'

एक महिना तर असा गेला की घरात आळीपाळीने सगळे आजारी. पूर्वी अशा महिन्याचं पान मी फाडून टाकलं असतं आणि पुढचे दोन महिने वही उघडलीच नसती. त्या वेळी सगळ्या ओळींना मिळून एक मोठा कंस काढला आणि पुढे 'आजारपण' लिहिलं. आढावा दोन मिनिटांत आटोपला. पण झाला.

सवयीच्या ओळी मी आता महिन्याला बांधत नाही. लंडनमधल्या एका संशोधनात ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. हे वाचलं तेव्हा माझ्या 'रोज'च्या पाच ओळी डोळ्यांपुढे आल्या. तीस दिवसांत सवय लागली नाही म्हणून मी दर महिन्याला ती नापास करत होते आणि १ तारखेला पुन्हा पहिलीत बसवत होते. आता व्यायामाची ओळ चालूच असते, महिनाअखेरीला फक्त दिवस मोजते.

नवऱ्याबरोबर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसायचं, हे दाढेनंतर सुरू झालं. पुढच्या महिन्यातली त्याची फिरती, लेकीची परीक्षा, माझ्या ऑफिसातला गर्दीचा आठवडा, हे आधी मांडायचं आणि उरलेल्या जागेत ध्येयं. पहिल्या बैठकीत तो म्हणाला, "मी तुला मदत करीन." मी म्हटलं, मदत नको, मंगळवार आणि गुरुवार रात्री मुलांना झोपवायचं काम घे. त्याने घेतलं. सुरुवातीला धाकटा रडायचा, आणि मी दाराबाहेर हातात पुस्तक धरून एकच ओळ वाचत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात पान उलटलं.

अकराच्या आता तीनच ओळी असतात. या महिन्यात व्यायामाचे १४ दिवस, कोर्सचे शेवटचे दोन धडे आणि मैत्रिणीला फोन. फोन झाला, तो चाळीस मिनिटं चालला आणि पुढच्या दोन ओळींचा एक तुकडा खाऊन गेला. व्यायाम १२ वर आहे. कोर्सचा एक धडा राहिलाय, आणि परवा महिना संपतोय. कालपासून धाकट्याला खोकला आहे. तिसऱ्या रकान्यात 'खोकला' लिहून ठेवलंय. पेन्सिलने लिहिलंय, कारण अजून दोन रात्री आहेत आणि त्यातला एक गुरुवार आहे.