हायवे टच म्हणजे नुसता टच

परवा रविवारी सकाळी मी गेटं मोजली. खरंच, वही-पेन घेऊन. माझा आतेभाऊ वीसच्या स्पीडने स्कूटर चालवत होता, मी मागे बसून रेघा मारत होते आणि मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारून आमचा उद्धार करत होते. आमच्या वाड्याच्या, म्हणजे वाडीच्या, ह्या टोकाला राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे, तिथून त्या टोकाच्या फाट्यापर्यंत साधारण अडीच किलोमीटर, आणि तेवढ्यात एकाच बाजूला २९ तोंडं. घरांची गेटं, एक गॅरेज, दोन बार, टाईल्सचं दुकान, चिरे विकणारा, नर्सरी, लग्नाचा हॉल, आणि सहा-सात जागा अशा की जिथे अजून काहीच नाही, नुसता मातीचा भराव घालून गाडी आत जाईल एवढी वाट केलीय आणि बोर्ड ठोकलाय, "हायवे टच, सनद रेडी". सनद म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायचा कागद.

हे सगळं काकामुळे. आम्ही गोव्यातले, पेडण्याचे, घर हायवेला लागून. हायवे म्हणजे आत्ताचा ६६ नंबर, २०१० साली नंबर बदलले तरी बाबा अजून "सतरा"च म्हणतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ह्या जमिनीला कोण विचारत नव्हतं, काजूची चार झाडं आणि मागे भातशेत. मग मोपाचा विमानतळ आला, २०२३ च्या जानेवारीत विमानं उडायला लागली, धारगळला आयुर्वेदाचं मोठं हॉस्पिटल झालं, आणि आमच्याकडे ब्रोकर लोकांची ये-जा सुरू झाली. चहा पिऊन पिऊन आईने साखरेचा खर्च वाढला म्हणून कुरकुर केली, एवढे ब्रोकर.

तर एक पार्टी आली, रेस्टॉरंटसाठी जागा लीजवर पाहिजे म्हणाली. काकाने फॉर्म एक-चौदा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, काढून ठेवला, सर्व्हे प्लॅन काढला, सनदेची झेरॉक्स काढली, सगळं टेबलावर. त्या माणसाने कागद बाजूला सरकवले आणि एकच विचारलं, "हायवेवरून ॲक्सेसची परमिशन आहे?"

काका गप्प. मग म्हणतो, "अहो, हे काय समोर गेट दिसतंय ना."

गेट दिसतंय, पण ती परमिशन नव्हे. ती पार्टी गेली ती गेलीच. काका दोन दिवस धुसफुसत होता, "अगो बाय, जमीन आमची, रस्तो मागीर आयलो," आणि हे त्याचं म्हणणं खोटं नाहीच, आजोबांच्या वेळी तिथे डांबराचा एक चिंचोळा पट्टा होता आणि दिवसाला मोजून बस. पण कायदा तसं बघत नाही. २००२ चा राष्ट्रीय महामार्गांच्या नियंत्रणाचा कायदा आहे, त्याच्या २८ व्या कलमात सरळ लिहिलंय की परवानगीशिवाय कोणालाही महामार्गावर यायचा हक्क नाही, गाडीने नाही आणि पाच किंवा जास्त माणसांच्या घोळक्याने पायी पण नाही. हे पाच माणसांचं वाचून मी आईला म्हटलं, चवथीला आमचा गणपती पोचवायला निघतो तेव्हा सत्तर माणसं असतात, म्हणजे आपण दर वर्षी कायदा मोडतो. आई म्हणाली देव बघून घेईल.

पण गंमत बाजूला ठेवली तर ह्या नियमामागे जे गणित आहे ते मला आवडलं. रस्ते बांधणारे लोक "कॉन्फ्लिक्ट पॉइंट" मोजतात, म्हणजे एका गाडीची वाट दुसऱ्या गाडीच्या वाटेला कुठे कुठे छेदते, मिळते किंवा फुटते त्या जागा. साध्या चार रस्त्यांच्या चौकात असे ३२ पॉइंट असतात. तीन रस्ते मिळतात तिथे ९. आणि डिव्हायडर सलग असेल, फक्त डावीकडून आत नि डावीकडेच बाहेर एवढंच असेल, तर फक्त २. म्हणजे आमच्या गेटासमोर डिव्हायडरला गॅप असला की आमचं गेट हे ९ वालं, गॅप बुजवला की २ वालं. चौपदरीकरण झालं तेव्हा आमच्या समोरचा गॅप बुजवला आणि सगळा वाडा खवळला होता, मी पण खवळले होते, आता हे आकडे कळल्यावर जरा गप्प झालेय.

दुसरं गणित थांबायचं. ताशी ८० ने येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला समोरचं दिसून, ब्रेक मारून गाडी थांबेपर्यंत १२० मीटर मोकळे दिसायला पाहिजेत असं इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेचं, माप आहे. आता माझी वही काढा. अडीच किलोमीटरला २९ तोंडं म्हणजे सरासरी ८६ मीटरला एक. म्हणजे ड्रायव्हर एका गेटातून आलेल्या ॲक्टिव्हासाठी ब्रेक मारतोय आणि थांबायच्या आधीच पुढचं गेट, त्यातून कोणाची तरी रिव्हर्स येणारी पिकअप. असा रस्ता कागदावर हायवे असतो, वागायला तो वाड्यातली पायवाट. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यातली ६१ हजार राष्ट्रीय महामार्गांवर, आणि महामार्ग हे एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास. सगळंच गेटांमुळे नसेल, स्पीड आहे, दारू आहे, हेल्मेट नाही हे आहे. पण गेटं आहेतच.

आणि आता कबुली. मी स्वतः राँग साईडने जाते. जायचे. समोरच्या बाजूला दुकान, आमच्या दारातून दिसतं, मध्ये पंचवीस मीटर. नियमाने जायचं तर इकडे जाऊन यू-टर्न, मग परत तिकडे, पावणेचार किलोमीटर होतात, आणि ते पण फक्त जायचे. अर्धा लिटर दुधासाठी. त्यामुळे वाडाच्या वाडा डिव्हायडरच्या कडेने उलटा जातो, बायका, पोरं, पाववाला पोदेर, सगळे, सवय झालीय. गेल्या पावसात संध्याकाळी मी स्कूटरवर अशीच उलटी चालले होते, समोरून बस, लाईट डोळ्यांत, कडेला पाणी भरलेलं म्हणून खाली उतरता येईना. बस हातभर अंतरावरून गेली. आरशाला आरसा लागला नाही एवढंच. घरी येऊन कोणाला सांगितलं नाही, दूध मात्र सांडलं नव्हतं.

तर गॅप बुजवणं बरोबर होतं, पण गॅप बुजवताना माणसं पलीकडे जाणार कशी हे कोणी बघितलं नाही हे पण तेवढंच खरं. सर्व्हिस रोड आमच्या इथे मधेच सुरू होतो नि मधेच एका चिऱ्याच्या भिंतीपाशी संपतो. जिथे संपतो तिथे लोकांनी भराव घालून हायवेवर चढायला वाट केलीय. ते पण एक तोंड, माझ्या २९ मधलं अठरावं.

हे असंच सोडलं तर पुढे काय होतं ते बघायला लांब जायला नको, पर्वरी बघा. मी रोज पणजीला जाते त्यामुळे पर्वरीवर मी पीएचडी करू शकते. विधानसभा तिथे, मॉल तिथे, बँका, शोरूम, शाळा, सगळ्यांची तोंडं त्याच रस्त्यावर, आणि मुंबईहून कारवारला जाणारा ट्रक पण त्याच रस्त्यावर. गाव म्हणून बघायला गेलं तर पर्वरी तीन पंचायतींत वाटलेली, सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद, म्हणजे अख्ख्या रस्त्याकडे एकत्र बघणारं कोणी नाही. शेवटी काय, सहा पदरी फ्लायओव्हर बांधायला घेतला, पाच किलोमीटरहून जास्त लांब, जो लांबचा ट्रॅफिक आहे तो वरून न्यायचा. खालचा रस्ता गेटांनी खाल्ला म्हणून हवेत दुसरा हायवे, शेकडो कोटी रुपये घालून. आणि तो बांधत असताना धूळ खाल्ली आम्ही, ती वेगळी.

ह्याच्या उलट धारगळहून मोपाला जाणारा लिंक रोड बघा, २०२४ च्या जुलैत सुरू झाला. सात-एक किलोमीटर, सहा पदरी, कोणाचं गेट नाही, गाडा नाही, सुसाट. लोक म्हणतात बघा कसा मस्त रस्ता. मस्त आहेच, पण तो पहिल्या दिवसापासून गेट न देता बांधला म्हणून मस्त आहे. आमचा रस्ता आधी गावाचा होता, मग हायवे झाला, आणि आता परत गावाचा व्हायला बघतोय. ह्याच्यावर उपाय लोकांना माहीत नाही असं पण नाही. ब्रिटनने १९३५ सालीच रस्त्याकडेला पट्टीसारखी घरं वाढू नयेत म्हणून कायदा केला होता. आपल्या रोड्स काँग्रेसने महामार्गांवरचा ॲक्सेस कसा आवरायचा ह्याच्या गाईडलाईन १९७६ मध्ये काढल्या, तेव्हा माझ्या आईबाबांचं लग्न पण झालं नव्हतं.

अडकतं ते असं. जमीन कन्व्हर्ट करायची सनद कलेक्टर देणार, प्लॅन टाऊन प्लॅनिंगवाले बघणार, बांधकामाचं लायसन्स पंचायत देणार, आणि हायवे सांभाळणारं पीडब्ल्यूडीचं डिव्हिजन वेगळं. काका ह्यातल्या तीन दारांवर जाऊन आला होता आणि तिन्ही ठिकाणी कागद व्यवस्थित. एकाही ठिकाणी त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या जागेत गाडी येणार कुठून? ते विचारलं त्या रेस्टॉरंटवाल्याने. माझं मत विचाराल तर सनदेच्या अर्जावरच हा पहिला प्रश्न पाहिजे, आणि मागून वाट निघत असेल तर पुढून तोंड द्यायचंच नाही.

काकाने मग स्वतःच चौकशी केली, म्हणजे मला करायला लावली. साधं गेट वेगळं आणि धंद्याचं गेट वेगळं. पेट्रोल पंपाला तर आत वळायला ७० मीटर आणि बाहेर पडून स्पीड पकडायला १०० मीटर अशी जादा लेन मागतात. काकाच्या जागेचं हायवेला लागलेलं तोंड आहे ३५ मीटर. रेस्टॉरंटला पंपाएवढं नको धरलं तरी गाडी वळवून घ्यायला लेन पाहिजेच, आणि ती शेजाऱ्यांच्या दारांवरून जाणार. मग शेजारी म्हणणार आमचं गेट कुठे?

म्हणून आता दुसरंच घाटतंय. आमच्या, शेजारच्या आणि त्यांच्या पलीकडच्या, अशा तिन्ही जागांच्या मागून शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, एक पायवाट जाते, ती पंचायतीच्या रस्त्याला मिळते आणि तो रस्ता पुढे फाट्यावर, जिथे नीट जंक्शन आहे तिथे, हायवेला लागतो. तिघांनी थोडी थोडी जागा सोडली तर सहा मीटरची वाट होते. पुढची तिन्ही गेटं बंद, नाहीतर फार तर तिघांत एक. जागेचा भाव उतरेल असं शेजारचा म्हणतो, हायवे टच तो हायवे टच. पलीकडचे म्हणतात आमचीच जागा जास्त का जाते. काका, जो महिन्यापूर्वी "माझं गेट" म्हणून छाती काढत होता, तो आता त्यांना कॉन्फ्लिक्ट पॉइंट समजावून सांगतो, ३२ च्या जागी ३६ म्हणतो पण चालायचंच.

काल संध्याकाळी तिघं टेप घेऊन मागे गेले होते. मी टॉर्च धरून. शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत सहा मीटर बरोबर निघाले, पुढे आमच्या मानकुरादाचं खोड नेमकं दीड मीटर आत येतं. तिघंही खाली उभे राहून वर बघत राहिले, यंदा मोहोर चांगला आलाय. काका म्हणाला झाडाचं काय ते आंबे उतरल्यावर बघू, आणि टेप गुंडाळली.